दहा वर्षांचा कागद

बेटा प्रसेनजित,

नाही, चष्मा हरवला नाही माहा. तुहा कागद वाचला म्हणूनच सही केली नाही. म्हणे, वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून काका-पुतण्यानं दहा वर्षं भांडाचं नाही!

माही नात दीपमाला इतिहास घोकते. जर्मनी अन् पोलंडनंही चौतीस साली असंच दहा वर्षांचं लेहून देलं होतं. एकोणचाळीसले जर्मनी पोलंडात घुसला.

"आबा, सही तं होती!"

"सही राखण करते काय वो पोरी?"

दरसाली तुहा ट्रॅक्टरवाला धुरा वीतभर कोरते. नांगरटीले चिखलीहून सोता ये, माह्यासंगं धुऱ्यावर उभा राय. तुहा बाप राहे.

हे चिठ्ठी धाडत नाही, नाही तं हाही कागदच होईन. हे सारं तुले तोंडानंच सांगीन.

तुहा मोठाबा,
पंजाबराव