गुंडी कुणाशी बोलते

ता. ३ मार्च, सोमवार

प्रिय माऊ,

अनेक आशीर्वाद. तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर दिसलं, म्हणून आधी पाकिटावरचा पत्ताच चारदा वाचला. तुला सातवा महिना लागला हे मला असं पत्रातून कळावं, याबद्दल मी काही म्हणत नाही. म्हणायला तोंड आहे कुठे? पायांवर सूज येत असेल तर बसताना पाय वर घेत जा. आणि जावईबापूंना सांग, चहा पुरुषांनाही करता येतो.

फोनच करणार होते, पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि मग मी घाबरून हवापाण्यावर बोलत सुटते.

तू विचारलंयस की दवाखान्याच्या फॉर्मवर एक प्रश्न आहे, घरात कुणी उशिरा बोलायला लागलं होतं का, आणि असल्यास कारण काय. तुझं मला काही नीट आठवत नाही गं. लहानपणी तुझा कान दुखायचा, त्याने थोडा उशीर झाला असेल. तेवढंच लिही.

माझं काम चालू आहे. या वयात घरोघर जाऊन आयांना बाळाशी बोलायला शिकवते म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. शिकवायचं तसं एकच असतं. बाळाशी काहीतरी बोला आणि मग गप्प बसा. मनातल्या मनात पाच मोजा, कारण आता बोलायची पाळी त्याची. ते 'अगू' म्हणेल, पाय झाडेल, नुसतं बघेल. तेच त्याचं उत्तर. मग पुन्हा तुम्ही. मोठी माणसं नेमकी इथे चुकतात, थांबतच नाहीत.

सध्या एक घर माझ्या डोक्यातून जात नाही. बेकरीवाल्याचं. त्याची मुलगी आठ महिन्यांची, गोल गरगरीत, म्हणून सगळे तिला गुंडी म्हणतात. तिची आई मात्र बाळंतपणापासून बोलतच नाही. दूध पाजते, न्हाऊ घालते, कपडे बदलते, सगळं वेळच्या वेळी, आणि मग डोळे मिटून पलंगावर बसून राहते. डॉक्टरांचं औषध चालू आहे. नवरा दिवसभर भट्टीपाशी. म्हणून मी इमारतीतल्या लोकांच्या पाळ्या लावून दिल्या. खालची शिंपीण सकाळी अर्धा तास येते, वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन दुपारी. पोस्टमन तिला पेपरातल्या जाहिराती वाचून दाखवतात. "दोन खोल्या भाड्याने देणे आहे," असं म्हणून शहाण्यासारखे पाच मोजतात. गुंडीला अजून एकही खोली पसंत पडलेली नाही.

हसलीस ना? आता पुढचं ऐक.

पोरगी वयाच्या मानाने फार पुढे आहे. दिवसाकाठी तासभर बोलून बाळ एवढं पुढे जात नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. शिंपीण म्हणाली, "ताई, मी दार ढकलते तेव्हा तिचं काहीतरी चाललेलंच असतं. मी आत गेले की गप्प. आपण गेल्यावर बायकांच्या गप्पा थांबतात ना, अगदी तशी." पोस्टमन म्हणाले, "माझं निम्मं वाक्य झालं की ही मान वळवते. मध्येच दुसरं कुणी बोलल्यासारखी."

म्हणून शुक्रवारी दुपारी तीनला मी दाराबाहेरच उभी राहिले. कठड्याच्या खाटेत गुंडी बसलेली, पलंगावर आई. गुंडी कपाट आणि खिडकीमधल्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे इस्त्रीचं टेबल मिटून उभं केलंय, बाकी काही नाही. ती म्हणाली, "अबू." आणि थांबली. सवयीने मी मोजू लागले. चारवर ती हसली. पुन्हा काहीतरी म्हणाली, थांबली, आणि या वेळी मी नऊपर्यंत गेले. ऐकता ऐकता तिच्या भुवया वर गेल्या होत्या. मग तिने उत्तर दिलं. माऊ, एकटी बडबडणारी बाळं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. ती अशी ऐकत नाहीत.

भर दुपार होती, खाली टेम्पोतून पिंपं उतरवत होते, आणि मला त्या खोलीत पाऊल टाकवेना.

असो. कंबर दुखते का? कळव.

तुझी,
आई


ता. १३ मार्च, गुरुवार

प्रिय माऊ,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझा कान कधीच दुखला नाही.

तू झालीस तेव्हा बाबा जहाजावर होते. मला जे झालं होतं त्याला काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारपूस करायला दारात कुणी आलं नाही. मी तुझं सगळं केलं. बोलले मात्र एक शब्द नाही. ओठच उघडत नव्हते. आणि सहा महिन्यांची झालीस तशी तू खोलीच्या एका कोपऱ्याशी बोलायला लागलीस. बोलायचीस, थांबायचीस, खुदकन हसायचीस. मी भ्याले असते तर तुला उचलून घराबाहेर पळाले असते. मी भ्याले नाही, मला मत्सर वाटला. माझ्याकडे बघून तू तशी कधी हसली नव्हतीस. एका सकाळी मी तुझ्या खाटेच्या कठड्याला त्या बाजूने चादर बांधून टाकली.

नऊ दिवस तू चादरीशी बोललीस. एकदा बोलायचीस आणि वाट बघायचीस. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत बसायचे, पण त्या कोपऱ्याकडे पाठ करायचा धीर होत नसे. दहाव्या दिवशी तू बोलणं सोडलंस.

काल बेकरीवाल्याकडे गेले, तर गुंडीची आई खाटेला चादर बांधत होती. शेवटची गाठ राहिली होती. माझ्याकडे न बघता ती हळूच पुटपुटली, "माझ्याकडे बघून ही अशी हसत नाही." ती बोलली याचंही मला भान राहिलं नाही. आईला दोष देऊ नये, आवाज चढवू नये, असं मीच नव्या मुलींना शिकवते. मी ओरडले, "सोड ती!" आणि चादर ओढून काढली.

गुंडीने कोपऱ्याकडे पाहिलं. "अबू," म्हणाली. थांबली. मी तीसपर्यंत मोजलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला. कोपऱ्यात जे काही होतं ते गेलं होतं, आणि ते माझ्या ओरडण्याने गेलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, मी आहे ना." तिची आई बोलत होती. गुंडीने वळून पाहिलं. आई थांबली, अगदी हवी तेवढी थांबली. "अबू." "हो का? मग?" पुन्हा थांबली. मी भिंत धरून रडले.

निघताना तिला विचारलं, "असं थांबायला कुणी शिकवलं तुला?"

"कोपऱ्यातल्या बाईनं," ती म्हणाली. "आठ महिने ऐकतेय. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, ताई. आवाज तुमचाच आहे. फक्त तरुण."

"काय बोलायची?"

"असंच, घरातलं. निळी लोकर संपत आली. फ्रॉकचा गळा मोठा झाला, उसवावा लागणार. बाबांचं पत्र अजून आलं नाही."

माऊ, तो निळा फ्रॉक मी तुझ्या खाटेशेजारी बसून विणला, तोंडातून चकार शब्द न काढता. गळा मोठा झाला होता. रात्रीत उसवून मी तो पुन्हा विणला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही.

याचा अर्थ मला विचारू नकोस. मला एवढंच कळतं की तुझ्या वाटणीचं बोलणं कुणीतरी तुझ्याशी बोलत होतं आणि ते मी बंद पाडलं. मग ते असंच दारोदार हिंडत राहिलं असेल. परक्यांच्या लेकींना मिळालं, तुला नाही.

फॉर्मवर लिही: बोलायला लागले तेव्हाचं वय, तीन वर्षं सात महिने. कारणाच्या जागी माझं नाव लिहिलंस तरी चालेल.

तू पहिल्यांदा बोललीस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आपण दोघी जिना उतरत होतो. शेजारच्या काकूंनी लाडाने तुझा गाल धरून विचारलं, "काय गं, आई कुठाय तुझी?" तू त्यांच्याकडे बघून म्हणालीस, "आई नाहीये." पोरगी बोलली म्हणून काकूंना कोण आनंद! त्या हसल्या, मीही हसले. तुझा हात माझ्या हातात होता.

बाळंतपणाला मी यावं का, ते तू ठरव.

तेव्हा तिथेच उभी असलेली,
तुझी आई