घरघरणारी मोटर

एस्पेन,

तुझ्या आईचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी आज सकाळी सांगितलं.

ड्रोनची मोटर घरघरतेय, तापतेय, बदलल्याशिवाय माणसांवरून उडवू नकोस, असं मी दोनदा बजावलं होतं. "टुरिड पिसालाही घाबरते," म्हणून तू पाहुण्यांना हसवलंस आणि आईंच्या वाढदिवसाच्या टेबलावरूनच ते उडवलंस. ते थेट त्यांच्या चेहऱ्यावर कोसळलं. वर आईंना सांगितलंस, मोटर टुरिडने चुकीची बसवली होती!

आज त्यांनी माझा हात धरला. "होते चूक, पोरी. मी रागावले नाही."

पाच वाजता दवाखान्यात ये आणि खरं तुझ्या तोंडाने सांग. नाही आलास तर मी सांगेन, आणि काहीही राखून ठेवणार नाही.

सूप पातेल्यात आहे. खाऊन ये. रिकाम्या पोटी तुला रडू येतं, आणि आज तिथे रडायची पाळी तुझी नाही.

टुरिड