कॅसेटमधली मोकळी जागा

बेलवली, बदलापूर (प.)
ता. ५ सप्टेंबर १९९२

चि. जयदेव यास बाबांचे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. बारवी धरण भरलं, तरी नळाला पाणी सकाळीच. तुझ्या आईचे गुडघे तसेच. तिकडे जर्मनीत थंडी पडली का, स्वेटर घालतोस का, ते तू लिहीत नाहीस. काळजी लागून राहते.

येसू जर्मन शिकते आहे. उमासाठी तू पाठवलेल्या कॅसेटी तिनेच धूळ पुसून बाहेर काढल्या. कॅसेटमधली बाई एक शब्द बोलते, मग थोडी जागा मोकळी सोडते. त्या जागेत येसू तोच शब्द म्हणते. मी चौथी शिकलेला, पण इंग्रजी शब्द आला की ओळखतो. तू सांगितलं होतंस, बाहेरचा शब्द आला की ते लोक त्याला आपल्या रीतीत घेतात. कॉम्प्युटर पुरुष, पार्टी बाई, बेबी दोन्ही नाही, म्हणून त्याच्यापुढे दास. पार्कच्या पुढेमागे आपलं काहीतरी जोडून गेपार्क्ट. मी म्हटलं होतं, आपण सुनेला घेतो तसंच की. तेव्हा उमा तोंडाशी पदर धरून हसली होती.

तू लिहिलंस म्हणून श्रावणात येसूच्या गळ्यातला उमाचा टाक काढला. विमानतळावर अडवतील म्हणालास. गेलेल्या सवतीची चांदीची मूर्ती दुसरीने गळ्यात घालायची, म्हणजे पहिली तिला धरत नाही, या रीतीचं तुला हसू येतं. टाक आईने तांदळाच्या डब्यात ठेवलाय.

काल शुक्रवार, दिवसभर वीज नव्हती. दुपारी येसू टेपपुढे बसून शब्द म्हणत होती. टेप बंद. ती थांबायची, ऐकायची, मग म्हणायची.

"कोण सांगतंय गं?"

"उमाताई. त्यांचा धडा अर्धा राहिला होता ना, मामंजी."

मला त्यातलं एकच कळलं. दास बेबी. उमा पोटातल्या बाळासकट गेली, तेव्हा याच धड्यावर होती. हे येसूला आम्ही कुणी सांगितलेलं नाही.

आता टाळत होतो ते लिहितो. येसूला दिवस गेलेत. जूनमध्ये तू येऊन गेलास, तेव्हापासूनचे. पेढे वाटायची बातमी, पण आई शेजारीही बोललेली नाही.

संध्याकाळी मी टाक काढून तिच्यापुढे धरला. म्हटलं, बाई, घाल परत. अंगात गाऊन, पदर नाही, तरी तोंडाशी पदर धरल्यासारखा हात नेऊन ती हसली.

"आता कशाला, मामंजी? मी आले ना घरात."

तू स्वतः ये. तिला एकटीला मी विमानात बसवणार नाही. टाक तुझ्या हाताने घाल, मग ने. म्हाताऱ्याचं एवढं ऐक.

आज सकाळी येसू म्हणून दोनदा हाक मारली. ती चुलीपाशीच होती, पण ओ दिली नाही. दुसऱ्या नावाने हाक मारायचा मला धीर होत नाही.

तिने तुला नमस्कार लिहायला सांगितलाय. कुणाचा, ते मी लिहीत नाही.

तुझी वाट पाहणारा,
बाबा