संतूर भिंतीवर टांगू नये

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय सत्तेचाळीस, व्यवसायाने डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणी मागे न लागता स्वहस्ते लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. मन शांत आहे असं मात्र लिहिणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, "किळस हा शब्द कायद्याच्या कागदात नको, नाराजी लिहा." लिहून पाहिलं. खोटं वाटलं, म्हणून खोडलं.

राहतं घर मी माझ्या वहिनीला देते, तिच्या एकटीच्या नावे. माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, त्यावर कोणताही हक्क राहणार नाही. त्याने ते भाड्याने द्यायचं की रंगवायचं याबद्दल सल्लाही देऊ नये. बँकेतली ठेव वहिनीलाच. तिने ती शहाणपणाने खर्च करावी अशी माझी अट नाही.

डोळे तपासायची भिंगं आणि पेटी चष्म्याच्या दुकानातल्या माझ्या सहकारी बाईंना द्यावी. त्यांनी माझी खुर्ची आधीच घेतली आहे, तेव्हा तिचा उल्लेख करत नाही.

आता संतूर. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

वाचणाऱ्याला ठाऊक नसेल तर सांगते. समुद्रात फळीवर उभं राहून लाटेवरून घसरणाऱ्या मुलांसाठी कोणे एके काळी गिटारवर एक वेगवान, बिनशब्दांचं संगीत निघालं. त्याला सर्फ म्हणतात. एकच सूर इतक्या भराभर छेडायचा की तो ओला वाटावा. जगात काही वेडे लोक हे संगीत भलत्याच वाद्यांवर वाजवतात: कुणी हार्पवर, कुणी बॅगपाइपवर, एक आजोबा चर्चच्या ऑर्गनवर. मी संतुरावर वाजवते. माझ्या जोडीला भूगोलाचे सर सारंगीवर. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही.

गिटारवाल्यांकडे आवाज घुमवायला स्प्रिंगची पेटी असते. आमच्याकडे इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी होती. ती धुऊन सुकत ठेवायचे त्या दिवशी आम्ही वाद्यं घेऊन शिडीने आत उतरायचो. ओल संतुराला मानवत नाही, म्हणून दर तुकड्यानंतर तारा पुसायच्या आणि पुन्हा सुरात आणायच्या. टाकी धुणारा वरून डोकावून म्हणायचा, "बाई, आटपा, लोकांना आंघोळी करायच्यात." असं करत करत कित्येक वर्षांत एक ध्वनिमुद्रण पुरं झालं. त्यात एकही शब्द नव्हता आणि पाण्याचा एकही थेंब नव्हता. तरी सगळं भिजलेलं होतं. मी आयुष्यात केलेली एवढीच गोष्ट मला पुन्हा ऐकावीशी वाटते.

दादाचं न्हाणीघराच्या सामानाचं दुकान आहे. त्याने ते मुद्रण माझ्याकडून प्रेमाने मागून घेतलं. मी दुकानात गेले तेव्हा कमोडांच्या रांगेमागून माझं संतूर वाजत होतं, आणि त्यावर लाटांची खळखळ आणि समुद्रपक्ष्यांची केकाटणी चढवलेली होती.

"हे काय केलंस?"

"अगं, लोकांना कळायला नको का समुद्र आहे ते? गिऱ्हाईक दहा मिनिटं जास्त थांबतं आता."

मला तिथेच मळमळलं. मळमळायला ती जागा सोयीची होती, पण नळ जोडलेले नव्हते. भूगोलाच्या सरांना सांगितलं, तर ते मान खाली घालून म्हणाले, "पक्षी तेवढे बरे वाटतात, बाई." त्यानंतर आम्ही एकत्र वाजवलेलं नाही.

माझी ही किळस न्याय्य आहे का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. दादाने कुणाचं नुकसान केलं नाही. गिऱ्हाइकं खूश आहेत. मी गर्विष्ठ असेन. तरीही किळस जात नाही.

म्हणून मूळ मुद्रणं वहिनीच्या ताब्यात द्यावीत. ती मला तोंडावर म्हणाली होती, "वन्सं, राग मानू नका, पण माझं डोकं दुखतं याने." ज्या बाईला ते आवडतच नाही, ती ते सजवायला जाणार नाही.

संतूर भूगोलाच्या सरांना द्यावं. सारंगी त्यांना वडिलांकडून आली, पण संतूर ते स्वतःच्या हौसेने शिकले आहेत. मला त्यांचा राग आहे, पण त्यापायी वाद्याची उपासमार करणं बरोबर नाही.

इथवर सकाळी लिहिलं. दुपारी दादा मापाची टेप घेऊन आला आणि संतूर मोजू लागला.

"दादा, मी अजून आहे."

"तसं नाही गं. सुताराला माप लागतं. दुकानात मधल्या भिंतीवर लावू, खाली तुझा फोटो, एक छोटा दिवा."

"तारा ढिल्या पडल्या की त्यांच्याखालच्या घोड्या गळून पडतात त्याच्या."

"मग चिकटवून टाकू."

त्याचे डोळे लाल होते, हे प्रामाणिकपणे नोंदवते. तो माझ्यावर मनापासून माया करतो. त्या मायेला तोंड द्यायचं त्राण माझ्यात नाही.

मृत्युपत्र मी गेल्यावर बोलणार, आणि सुतार त्याआधी येणार. म्हणून दादा गेल्यावर सरांना फोन केला.

"आत्ता येऊन घेऊन जा."

"बाई, तुम्ही परत येऊन वाजवणार आहात."

"तेव्हा परत आणा."

ते रिक्षा थांबवून वर आले. दारात म्हणाले, "पक्षी मला तेव्हा खरंच बरे वाटले होते. खोटं कशाला सांगू." संतूर चादरीत गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. त्याची पेटी दिली नाही.

सबब, संतुराबद्दलचं वरचं कलम आता लागू नाही. ते वाद्य माझ्या मालकीचं राहिलेलं नाही. संतुराची रिकामी पेटी मी माझ्या थोरल्या भावाला देते. मापं तीच आहेत. त्याने ती खुशाल भिंतीवर लावावी.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ मार्च
सही: (केली आहे)

साक्षीदार पहिली: शेजारच्या शिंपीणबाई. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरे: घरचे डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. बाई पूर्ण शुद्धीत आहेत, स्मरणशक्ती उत्तम. तपासताना त्यांच्या दोन्ही हातांची बोटं टेबलावर भराभर वाजत होती. मी थांबायला सांगितलं नाही.