आईची पाळी

मुरबाड,
१८ सप्टेंबर २००५

चि. रत्नदीप यास,

सप्रेम जय भीम, आणि थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. पुण्याच्या हवेत टिकतील तेवढे टिकव.

फोन असताना पत्र का, असं विचारशील. फोन संगणकाच्या शेजारी, आणि संगणकासमोर बाबा. म्हणून.

इकडे भात पोटरीला आलंय. आठवीच्या मुलांनी चाचणीत माझ्या संस्कृतचा यथाशक्ती सूड घेतला. बाबांची तब्येत बरी. जेवतात, मनात आलं तर रंधा मारतात, आणि आईशी खेळतात.

तर त्याबद्दलच. परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, ते नाव काढून टाक, मी सांगतो कसं ते." पडद्यावर 'आईची पाळी' ही अक्षरं तूच घातलीस, ती हयात असताना, थट्टेने. ती हसलीही होती: "मी हितं बसलेय, मंग आत कोन हाय?" आता ती इथे बसलेली नाही.

बाबांनी सागाच्या तुकड्यांवर कोरलेल्या अक्षरांवर आई चाळिशीत वाचायला शिकली, आणि शिकल्या शिकल्या तिने खेळात आपला नियम घुसवला. पाटावर शब्द लावला की तिथेच बसून त्याचं वाक्य म्हणायचं; वाक्य घरातल्या माणसाबद्दल हवं, आणि खरं हवं. नाही जमलं तर शब्द बाद. मी मोठ्या ऐटीत 'मार्तंड' लावला तेव्हा म्हणाली, "आपल्यात कोन गो मार्तंड? उचल." माझी एम. ए. त्या पाटावरून कितीदा उचलली गेली असेल!

तोच खेळ तू संगणकात बसवलास, तेव्हा शब्द भरलेस तेही तिच्याच तोंडचे. म्हणून यंत्र 'पेज' लावतं, 'आवण' लावतं. वाक्य मात्र त्याला म्हणता येत नाही. ते बाबा म्हणतात, तिच्या वतीने. 'पेज' आलं: "वंदीनं पेज करपवली." खरं होतं, करपवली होती मी. 'आवण' आलं, तेव्हा भाताच्या रोपांकडे बघावं तसे पडद्याकडे बघत, आईचं नाव घेऊन म्हणाले, "चंद्रा आवण काढताना गायची." मी उठून आत गेले. यंत्राला मन नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी हल्ली त्याची पाळी असली की मी भांडीसुद्धा हळू ठेवते.

वीज गेली तरी बाबा काळ्या पडद्यासमोर तसेच बसतात.

"बाबा, जेवून घ्या."

"थांब गो, तिची पाळी हाय."

गेल्या आठवड्यात तिने, म्हणजे त्याने, 'पाहुणा' लावला.

बाबांनी पडद्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "रतन पाहुणा हाय."

मी म्हटलं, "नियम घरातल्या माणसाचा आहे. पाहुणा असेल तर तो घरातला नाही. वाक्य चालत नाही."

"मंग घरातला धर."

"घरातला धरला तर पाहुणा कसा? वाक्य खोटं."

"तू मास्तरीन. तूच सांग, काय धरू?"

शास्त्रात याला 'उभयतःपाशा रज्जुः' म्हणतात, दोन्ही टोकांना फास असलेली दोरी. वर्गात शिकवायला फार गंमत येते.

तेव्हापासून ते खेळत नाहीत, नुसते समोर बसतात. वीज जाते, येते, आणि तुझ्या करामतीने खेळ होता तिथूनच उघडतो: मधोमध 'पाहुणा', खाली 'बाबांची पाळी'. इतके दिवस ते तिची वाट बघत होते. आता ती त्यांची बघतेय, असं त्यांना वाटतं. मला काय वाटतं ते विचारू नकोस.

लिहिणार नव्हते, पण लिहिते. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला तू आलास, खुर्चीवर बसलास, दिला तेव्हा चहा घेतलास, कप स्वतः विसळून पालथा घातलास आणि संध्याकाळच्या एसटीने गेलास. तिच्याशिवाय त्या घरात तुला बसवेना, हे मला कळलं. बाबांनी फक्त कप पाहिला. सुतारकामाला गेलं की लोक त्यांचा कप वेगळा ठेवत, ते तुला माहीत आहे. रात्री म्हणाले, "आमी कप विसळले ते लोकांच्या दारात. ह्यानं घरात विसळला."



नाव मी काढणार नाही. ते ठेवायचं की काढायचं, तू आणि बाबा बघा. पण आधी तो शब्द. त्यांच्या शेजारी बस आणि तोंडावर सांग की वाक्य खोटं आहे. आईचा शब्द बाद करायची छाती या घरात दुसऱ्या कुणाची नाही.

आणि नाहीच आलास, तर बाबांचं वाक्य खरं ठरेल असंही समजू नकोस. पाहुणा निदान येतो तरी, रतन.

तुझी,
वंदनाताई