कोपरा नसलेलं पाकीट

शहादा, ११ मार्च १९४५

प्रिय रायसिंग,

तुझं पत्र मिळालं. अक्षर पलटणीतही शिस्तीला आलं नाही, त्यावरूनच तू आहेस तसाच आहेस याची खात्री पटली. डावा पाय गुडघ्याखाली गेला. आई ये म्हणाली तरच तोरणमाळला येईन, नाहीतर महिनाअखेरीस इस्पितळाजवळच्या पलटणीच्या डेपोत कामाला नाव घालीन, असं तू लिहिलंस. तिचं उत्तर खाली आहे. पण आठ दिवस उशीर झाला, तो टपालामुळे नव्हे, माझ्यामुळे. ते आधी ऐक.

गेल्या बाजाराला तुझी आई पाकीट घेऊन खाली उतरली. दोन दिवसांची चाल, कमरेला मोहफुलांची पुरचुंडी, तोंडभर हसू. वाच म्हणाली. मी पाहिलं तर पत्ता परक्या अक्षरात आणि पाकिटाचा कोपरा फाडलेला. तुम्हा डोंगरातल्या लोकांत ही रीत नाही. आमच्यात कुणी गेल्याचं पत्र असलं की कोपरा फाडून धाडतात, वाचणाऱ्यानं आधीच मन घट्ट करावं म्हणून. तुझ्या आईला, कालीबाईला, त्याचा पत्ता नव्हता. ती ओट्यावर बसून सांगत होती की म्हैस व्यायली, तुझ्या भावानं, उदेसिंगनं, नवं खोपट बांधलं, नातीला दोन दात आले. मी पाकीट नुसतं हातात फिरवत होतो. आत्मा मरत नाही हे वीस वर्षं पोरांकडून घोकून घेणारा मी. पण ते पाकीट काही उघडवेना. शेवटी चष्मा फुटला म्हणालो. चष्मा नाकावरच होता. तिनं चष्म्याकडे एकवार पाहिलं, पुरचुंडी माझ्यापुढे ठेवली, आणि पुढच्या बाजाराला येते म्हणून वाटेला लागली.

आठवडाभर पाकीट पंचांगाखाली पडून. रोज उघडायचं ठरवावं आणि रोज मुहूर्त टळावा. शब्दरूपं येत नाहीत म्हणून तू शाळेमागच्या चिंचेवर जाऊन बसायचास आणि मी खालून तुला भित्रा म्हणायचो. तो शब्द मागे घेतो.

काल ती परत आली. धीर करून विचारलं, हा कोपरा कुणी फाडला? तर म्हणाली, सुनेनं. जंगलखात्याच्या माणसानं पाकीट आणून दिलं तेव्हा पोरीला ताप होता, म्हणून तुझ्या बायकोला, रमिलाबाईला, पत्र वाचून घ्यायला घर सोडता येईना. तेव्हा तिनं तुझ्या हातचा एवढासा कागद फाडला, चिंधीत बांधला आणि लेकीच्या गळ्यात घातला. ताप उतरला, असं दोघींचं ठाम मत आहे. मी पाकीट इतक्या घाईनं फोडलं की दुसराही कोपरा गेला.

पायाचा मजकूर मी घाईघाईनं वाचून काढला. तिनं तो पुन्हा वाचायला लावला. मग तुझे हात बरे आहेत का, एवढंच विचारलं. बरे नसते तर इतकं वाईट अक्षर कुणी काढलं असतं, असं मी म्हणालो, तशी हसली.

सकाळी तार केलीच आहे, पण तिचं बोलणं तारेत मावेना, म्हणून हा कागद. माझ्या आठ दिवसांपायी तू डेपोत नाव घातलं असशील तर काढून घे. गाडीचा दिवस कळव. उदेसिंग घाटाच्या पायथ्याशी झोळी घेऊन उभा राहील, वर न्यायला चौघे तयार आहेत. कालीबाई समोर बसली आहे. ती सांगतेय तेच मी लिहितोय ना, यावर तिची नजर आहे. तिनं सांगितलं ते जसंच्या तसं: "सरकारले लिही, पाय ऱ्हाऊ दे तठेच. मन्हा पोऱ्याले धाडी दे."

तुझाच,
मास्तर