दोन चिकटून एक

प्रिय धम्मप्रिया,

जयभीम. फोन असताना आजीने कागद का नासला म्हणशील. फोन तुझ्या आईच्या हातात असतो, तोही स्पीकरवर, आणि मला लिहायचंय ते तिच्यादेखत तोंडातून निघणार न्हाई. शाळा चौथीपर्यंतची, चुका पोटात घाल.

इथं भोकरात बाकी सगळे ठीक. तुझा बाप सोयाबीनच्या गडबडीत. मीच तेवढी ठीक न्हाई. तुला तिसरा महिना लागल्यापासून फोन वाजला की हातातलं काम सुटतं. परवा भरला कप खाली पडला, अन् फोन होता गॅसवाल्याचा.

तुझ्या त्या पालींनीच हे भ्या घातलं बघ. लोकांच्या पोरी शिकून नोकरी धरतात, आमची विद्यापीठात पाली धरते, असं मी गावभर हसून सांगत होते. मागच्या सुट्टीत घरी आलीस तेव्हा तू मोबाईलवर पालीची गुणसूत्रं दाखवलीस. मला वाटलं कुणी शेवया मोडून सांडल्यात. तू म्हणालीस, एकाच भिंतीवरच्या दोन पाली, दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीत सेहेचाळीस तुकडे अन् दुसरीत चव्वेचाळीस. कधीतरी दोन चिकटून एक झालेले. लाखो वर्षं असं जुळत-तुटत आलं, म्हणून पालींच्या इतक्या जाती. मी विचारलं, जिच्यात नुकतंच चिकटलंय तिचं काय? "तिला काय होतंय आजी, ती मजेत किडे खाते. अंडी धरताना वाटणी चुकते, मग काही अंडी वाया जातात." माणसातबी असतं का, म्हणाले. "हाव, असतं की. माणूस धडधाकट, त्याला पत्ताबी नसतो." तू हसत पुढचा फोटो काढलास. मी तिथंच अडकले.

माझी चार गेली, पोरी. सगळी तिसऱ्यात. तुझा बाप एकटा टिकला. तेव्हा बाया म्हणायच्या, पोटुशीच्या अंगावर पाल पडली की पोट पडतं. माझ्या सासऱ्याने दीक्षा घेतलेली, घरात असलं बोलायची सोय नव्हती. मीबी विहारात अंधश्रद्धेवरच्या भाषणाला टाळ्या वाजवायची अन् घरी येऊन झाडूने पाली मारायची. भिंती साफ केल्या, तरी चौथं गेलंच.

मग तुझी आई ज्योत्स्ना सून होऊन आली. तुझ्याआधी तिची तीन गेली. तुला कुणी सांगितलं न्हाई, कारण मी सांगू दिलं न्हाई. "लातूरहून नासकं बियाणं आणलं आम्ही," असं तिला शेजारणींपुढं बोलले. माझी चार पोटात ठेवून बोलले. तिसऱ्या वेळी तर तिला दोन महिने माहेरी धाडून दिलं. ती पिशवी भरून निघाली. आता वाटतंय, ते चिकटलेलं तुझ्या बापाकडूनच आलेलं असेल. म्हणजे माझ्याकडून, न्हाईतर तुझ्या आजोबाकडून. ते तर गेले, विचारायचं कुणाला? डॉक्टर मी न्हाई. पण तुझंबी गेल्या साली पहिलं गेलं, तेव्हापासून मला झोप न्हाई.

यंदा तुला दिवस राहिल्यावर आपण तिघी नांदेडच्या दवाखान्यात बसलो होतो. डॉक्टरीण बाईने विचारलं, आई-आजीचं कुणाचं असं झालंय का? तुझ्या आईने तोंड उघडलं होतं. मी डोळे वटारले. ती गप बसली, तू 'न्हाई' म्हणालीस, अन् त्या बाईने तसंच लिहून घेतलं. हे पत्र त्यासाठी. ते लिहिलेलं खोटं हाय. कागद हातात पडला की त्याच दिवशी जा अन् खोडायला लाव. आजीची चार, आईची तीन, असं सांग. रक्त तपासायला सांग, तुझं, तुझ्या बापाचं. माझं लागलं तर पहिल्या एसटीने येते. पोटातलं टिकेल का मला माहीत न्हाई, लई भ्या वाटतंय. माझ्यावर राग मागून धर, त्याला आयुष्य पडलंय. डॉक्टरणीपुढच्या खुर्चीवर मात्र तुझ्या आईलाच बसव अन् तिलाच बोलू दे. मी दाराबाहेर थांबते.

तुझीच,
आजी सरजाबाई